विश्लेषण : ऐन भरात असताना २८व्या वर्षी निवृत्ती... ल्यूक कीकलीची चर्चा अजून का थांबत नाही?

अमेरिकी फुटबॉलमधील आपल्या पिढीच्या सर्वोत्तम लाइनबॅकरपैकी एक असलेल्या ल्यूक कीकलीने जानेवारी २०२०मध्ये खेळ सोडला. तेव्हा तो जायबंदी नव्हता, संघाला नकोसा झाला नव्हता आणि त्याचा करारही संपलेला नव्हता. पाच वर्षांनी, २०२५मध्ये तो ‘प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम’च्या अंतिम सात जणांत पोहोचला, पण निवडला गेला नाही. २०२६च्या निवडीत मात्र त्याला थेट अंतिम फेरीत जागा मिळाली. त्यामुळे जुना वाद पुन्हा निघाला. महान ठरण्यासाठी आठ हंगाम पुरेसे आहेत का? आणि ज्याचे कामच धडक देणे आहे, त्याने किती धडका झाल्यावर थांबावे?

लाइनबॅकर नेमके करतो काय?

आपल्याकडे फुटबॉल म्हटले की मेसी आणि रोनाल्डो आठवतात. अमेरिकी फुटबॉलचा त्याच्याशी संबंध नावापुरताच आहे. येथे लंबगोल चेंडू हातात घेऊन पळतात किंवा पुढे फेकतात. आक्रमण करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते. ते जमले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही जमले तर चेंडू प्रतिस्पर्ध्यांकडे जातो. प्रत्येक प्रयत्न जेमतेम काही सेकंदांचा असतो आणि मग खेळ थांबतो.

बचाव करणाऱ्या ११ जणांत सर्वात पुढे धिप्पाड खेळाडूंची रांग असते. सर्वात मागे चपळ धावपटू असतात, ज्यांनी लांब फेकलेला चेंडू अडवायचा असतो. या दोन फळ्यांच्या मध्ये लाइनबॅकर उभा असतो. त्याच्याकडे एक नव्हे, तीन कामे असतात. चेंडू घेऊन पळणाऱ्याला पकडून खाली पाडणे, म्हणजे ‘टॅकल’ करणे, हे पहिले. चेंडू फेकला जाणार असेल तर मागे सरकून तो झेलणाऱ्यावर पहारा ठेवणे, हे दुसरे. आणि कधीकधी थेट प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकवर चाल करून जाणे, हे तिसरे. यातले कोणते काम करायचे, हे बहुतेक वेळा चेंडू हलल्यानंतरच्या पहिल्या सेकंदातच ठरवावे लागते.

मधल्या लाइनबॅकरवर आणखी एक जबाबदारी असते. २००८पासून एनएफएलमध्ये बचाव फळीतील एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये छोटा स्पीकर बसवण्यास परवानगी आहे. ओळखण्यासाठी त्या हेल्मेटच्या मागे हिरवा ठिपका असतो. बाहेरून प्रशिक्षक डावपेच सांगतो आणि हा खेळाडू तो उरलेल्या दहा जणांपर्यंत पोहोचवतो. पुढचा डाव सुरू करायच्या घड्याळात १५ सेकंद उरले की स्पीकर बंद होतो. त्यानंतर समोरच्या संघाने रचना बदलली, तर काय करायचे ते मैदानावरच्या त्या माणसानेच ठरवायचे. कॅरोलिना पँथर्स संघात तो हिरवा ठिपका कीकलीच्या हेल्मेटवर असे.

कीकली वेगळा का ठरला?

ओहायो राज्यातील सिनसिनाटीचा हा मुलगा बोस्टन कॉलेजकडून खेळताना देशभर गाजला. तेथे तीन हंगामांत त्याने ५३२ टॅकल केले. २०१२च्या ड्राफ्टमध्ये पँथर्सने त्याला नवव्या क्रमांकावर निवडले. सुरुवातीला तो बाजूचा लाइनबॅकर होता. मधल्या जागेवरचा जॉन बीसन जायबंदी झाल्यावर कीकलीला मध्ये आणले गेले आणि ती जागा पुढे त्याचीच झाली. पहिल्याच वर्षी त्याने लीगमध्ये सर्वाधिक टॅकल केले आणि बचाव फळीतील सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार मिळवला. दुसऱ्या वर्षी, २०१३मध्ये, संपूर्ण लीगमधील सर्वोत्तम बचावपटूचा मान त्याच्याकडे गेला.

(त्याच्या आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगवरून ‘क्युएच्ली’ असे काहीतरी वाचले जाते. उच्चार मात्र सरळ ‘कीकली’ असा आहे.)

सहा फूट तीन इंच उंची आणि १०८ किलोच्या आसपास वजन, हे या जागेसाठी ठीकठाकच म्हणावे लागेल. त्याचे खरे हत्यार डोके होते. प्रतिस्पर्ध्यांच्या जुन्या सामन्यांच्या चित्रफिती तो तासन्‌तास पाहत असे. समोरचा खेळाडू कोणत्या पायावर भार देऊन उभा आहे, कोण नेहमीपेक्षा अर्धे पाऊल बाहेर सरकला आहे, अशा खुणांवरून डाव ओळखून तो सहकाऱ्यांना ओरडून सांगत असे आणि अनेकदा तोच डाव समोर येत असे. गोलंदाजाच्या मनगटावरून गुगली ओळखणारा फलंदाज आपल्याला माहीत आहे. येथे एका मनगटाऐवजी ११ जणांकडे पाहायचे असते. सामन्यादरम्यान मैदानातील मायक्रोफोनने टिपलेले त्याचे हे अंदाज आजही मोबाइलवर आवडीने पाहिले जातात.

२०१५चा हंगाम हा त्याच्या कारकिर्दीचा कळस होता. पँथर्सने साखळीतील १६पैकी १५ सामने जिंकले. बाद फेरीत सिअ‍ॅटलविरुद्ध आणि नंतर अ‍ॅरिझोनाविरुद्ध, अशा लागोपाठच्या दोन सामन्यांत कीकलीने प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू मध्येच हिरावला आणि तो घेऊन थेट गुणरेषा ओलांडली. बचावपटूने एका हंगामात एकदा असे केले तरी ते मोठे मानले जाते. सुपर बोलमध्ये मात्र डेन्व्हरने पँथर्सला २४-१० असे हरवले. विजेतेपदाची अंगठी कीकलीला कधीच मिळाली नाही.

आठ हंगाम, ११८ सामने, जवळपास ११०० टॅकल, हिरावलेले १८ चेंडू, सात वेळा प्रो बोल या तारांकित सामन्यासाठी निवड आणि पाच वेळा वर्षाच्या सर्वोत्तम संघात स्थान. आकड्यांपुरती ही कारकीर्द एवढ्यात संपते.

१७ नोव्हेंबर २०१६ रोजी काय घडले?

कीकलीच्या डोक्याला पहिला नोंदला गेलेला मोठा मार २०१५च्या पहिल्याच सामन्यात बसला. त्यानंतर तो तीन सामने बाहेर होता. दुसरी घटना संपूर्ण अमेरिकेने थेट प्रक्षेपणात पाहिली. १७ नोव्हेंबर २०१६ रोजी शार्लट येथे न्यू ऑर्लिन्स सेंट्सविरुद्ध टॅकल करताना तो पडला आणि उठला नाही. त्याला श्वास घेणे जड जात होते आणि तो अक्षरशः हुंदके देत रडत होता. गाडीवर बसवून त्याला मैदानाबाहेर नेले, तेव्हाही त्याचे अश्रू थांबले नव्हते.

हे दृश्य लोकांच्या मनात राहण्याचे कारण आहे. हाड मोडले तरी चेहऱ्यावर वेदना न दाखवणे हा या खेळात मोठेपणा समजला जातो. तेथे लीगमधला सर्वात कणखर म्हणून ओळखला जाणारा खेळाडू लहान मुलासारखा रडताना दिसला. तो दुखण्याने रडत नव्हता. मेंदूला बसलेल्या धक्क्याने भावनांवरचा ताबा सुटू शकतो, आणि कन्कशनचे हे ओळखीचे लक्षण आहे. त्या हंगामातील उरलेले सहाही सामने तो खेळला नाही. पँथर्सचे तेव्हाचे प्रशिक्षक रॉन रिव्हेरा हे स्वतः माजी लाइनबॅकर. १९८५च्या हंगामातील विजेत्या शिकागो बेअर्स संघात ते होते.

ऑक्टोबर २०१७मध्ये फिलाडेल्फियाविरुद्ध तिसऱ्यांदा तसेच झाले. त्या काळात कीकली मानेभोवती ‘क्यू-कॉलर’ नावाचा पट्टा घालून खेळू लागला होता. हा पट्टा मानेतील शिरांवर हलका दाब देतो. त्यामुळे कवटीत रक्ताचे प्रमाण किंचित वाढते आणि धक्का बसल्यावर मेंदू कमी हलतो, असा त्यामागचा दावा आहे. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२१मध्ये त्याच्या विक्रीला परवानगी दिली असली, तरी तो किती उपयोगी आहे यावर संशोधकांत मतभेद आहेत.

यानंतरही तो दोन पूर्ण हंगाम खेळला आणि उत्तम खेळला. २०१९मध्ये एकही सामना न चुकवता त्याने १४४ टॅकल केले. हंगाम संपून काही आठवडे होतात न होतात तोच, १४ जानेवारी २०२० रोजी, त्याने एका चित्रफितीत निवृत्ती जाहीर केली. वेगाने आणि पूर्ण ताकदीने खेळणे ही एकच पद्धत आपल्याला लहानपणापासून माहीत आहे आणि ते यापुढे जमेल याची खात्री वाटत नाही, असे त्याने गहिवरून सांगितले. खेळायची इच्छा अजून आहे, पण खेळणे योग्य ठरणार नाही, हेही त्याने जोडले.

हेल्मेट असताना मेंदूला इजा का होते?

हेल्मेट कवटीचे रक्षण करते. मेंदू मात्र कवटीच्या आत द्रवात तरंगत असतो. डोक्याला झटका बसला, विशेषतः डोके गर्रकन वळले, की कवटी थांबते पण आतला मेंदू हलत राहतो आणि चेतातंतू ताणले जातात. धातूची पेटी कितीही भक्कम केली तरी आतल्या काचेच्या भांड्याचा प्रश्न सुटत नाही, तसेच हे आहे. लाइनबॅकर सात-आठ पावले पळत येऊन समोरून तितक्याच वेगाने येणाऱ्याला भिडतो. बेशुद्ध न करणाऱ्या, कुठेही नोंद न होणाऱ्या अशा धडका हंगामात शेकड्यांनी होतात.

अशा वारंवार धडकांशी ‘क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी’ म्हणजे सीटीई हा मेंदूचा आजार जोडला गेला आहे. यात ‘टाऊ’ नावाचे प्रथिन मेंदूत साचत जाते. स्मृतिभ्रंश, नैराश्य, अनावर राग ही त्याच्याशी जोडली जाणारी लक्षणे. सर्वात मोठी अडचण अशी, की त्याचे खात्रीशीर निदान मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होते. जिवंत खेळाडूला ‘तुला तो आहे’ किंवा ‘नाही’ असे आज कोणताही डॉक्टर छातीठोकपणे सांगू शकत नाही. कीकलीलाही असा आजार असल्याचे कुणी म्हटलेले नाही.

बोस्टन विद्यापीठाच्या केंद्राने २०२३मध्ये दिलेल्या माहितीनुसार, त्यांनी तपासलेल्या ३७६ माजी एनएफएल खेळाडूंपैकी ३४५ जणांच्या मेंदूत सीटीई आढळला. हा आकडा समाजमाध्यमांवर ‘९२ टक्के खेळाडूंना आजार’ असा फिरतो. तो तसा वाचणे चूक आहे. ज्यांच्या कुटुंबीयांना आधीच शंका होती, त्यांचेच मेंदू दानात अधिक येतात. याच विद्यापीठाने सर्वसामान्य नागरिकांच्या १६४ मेंदूंची तपासणी केली तेव्हा केवळ एकात सीटीई सापडला, आणि ती व्यक्तीही महाविद्यालयीन फुटबॉल खेळलेली होती. म्हणजे नेमकी टक्केवारी अनिश्चित असली, तरी दिशा स्पष्ट आहे. त्यांच्याच २०१९च्या अभ्यासानुसार खेळाचे प्रत्येक वाढीव वर्ष सीटीईची शक्यता सुमारे ३० टक्क्यांनी वाढवते. कन्कशन किती वेळा झाले यापेक्षा एकूण किती वर्षे धडका बसल्या, हे येथे जास्त महत्त्वाचे ठरते. कीकलीचा निर्णय समजून घेताना हा मुद्दा विसरता येत नाही.

सेआऊ, विलिस आणि बोरलँड यांच्याबाबत काय झाले?

लाइनबॅकरच्या बाबतीत हा प्रश्न कायम ज्युनियर सेआऊ या नावापाशी येतो. सान दिएगो चार्जर्सचा हा लाडका खेळाडू तब्बल २० हंगाम एनएफएलमध्ये टिकला आणि १२ वेळा प्रो बोलसाठी निवडला गेला. एवढ्या वर्षांत त्याच्या नावावर कन्कशनची नोंद मात्र नव्हती. मे २०१२मध्ये, वयाच्या ४३व्या वर्षी, त्याने आयुष्य संपवले. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने त्याचा मेंदू तपासून जानेवारी २०१३मध्ये सीटीई असल्याचे जाहीर केले. सेआऊ गेला तेव्हा कीकलीची निवड होऊन अवघा आठवडा उलटला होता.

मार्च २०१५मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सच्या दोन लाइनबॅकरनी आठवडाभराच्या अंतराने निवृत्ती घेतली. पॅट्रिक विलिस ३० वर्षांचा होता आणि त्याचे पाय साथ देत नव्हते. ख्रिस बोरलँड केवळ २४ वर्षांचा होता. जायबंदी विलिसच्या जागी संधी मिळून त्याने पहिल्याच हंगामात शंभराहून अधिक टॅकल केले होते. काहीही बिघडले नसताना, पुढे काय बिघडू शकते याची माहिती घेऊन तो थांबला. करारावर सही करताना मिळालेल्या रकमेचा मोठा भाग त्याला परत करावा लागला. बोरलँडला तेव्हा अनेकांनी वेडा ठरवले. पाच वर्षांनी कीकली थांबला, तेव्हा ‘समजू शकतो’ हीच प्रतिक्रिया अधिक होती. मधल्या काळात प्रेक्षक बदलले, हे यातून दिसते.

थांबण्याचा निर्णय पैशाच्या दृष्टीने किती महाग?

एनएफएलचे करार बाहेरून वाटतात तसे नसतात. ‘पाच वर्षांचे सहा कोटी’ अशी बातमी येते, पण त्यातील काहीच भाग हमीचा असतो. पुढच्या वर्षांचे पैसे खेळाडू संघात राहिला तरच मिळतात, आणि संघ त्याला मध्येच सोडू शकतो. कीकलीने सप्टेंबर २०१५मध्ये पाच वर्षांसाठी सुमारे ६.२ कोटी डॉलरची मुदतवाढ स्वीकारली होती. निवृत्त होताना त्यातील काही वर्षे शिल्लक होती. ती रक्कम त्याने सोडली.

शिवाय लाइनबॅकर हा लीगमधला सर्वात महागडा खेळाडू नसतो. मे २०२५मध्ये फ्रेड वॉर्नरने केलेला वर्षाला सरासरी २.१ कोटी डॉलरचा करार या जागेसाठी सर्वोच्च ठरला. क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉटला त्याआधीच वर्षाला सहा कोटी मिळू लागले होते. धडकांचा हिशेब आणि पैशांचा हिशेब येथे जुळत नाही.

अर्थात कीकलीकडे तोवर पुरेसा पैसा होता, म्हणून त्याला निवड करता आली. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी संघातील जागेसाठी झगडणाऱ्या लाइनबॅकरला ही चैन परवडत नाही. त्याला डोके गरगरत असेल तर ते लपवण्याकडेच कल असतो, कारण एक सामना बाहेर बसला तर जागा जाऊ शकते. बोरलँडचे उदाहरण दुर्मीळ आहे ते याचमुळे.

लीगने काय बदलले?

एनएफएलने बराच काळ या आजाराशी आपला संबंध मान्य केला नव्हता. हजारो माजी खेळाडूंनी खटले भरल्यावर २०१३मध्ये तडजोड झाली. तिच्यापोटी आजवर एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम दिली गेली आहे. फुटबॉल आणि सीटीई यांचा संबंध आहे, असे लीगच्या अधिकाऱ्याने अमेरिकी काँग्रेससमोर पहिल्यांदा मान्य केले ते मार्च २०१६मध्ये.

मैदानावरही बदल झाले. २०११च्या करारानुसार साखळी हंगामात पूर्ण पॅड घालून होणारे सराव १४वर आले. डोक्याच्या दुखापतींसाठी संघाशी संबंध नसलेला तज्ज्ञ आता सामन्याला हजर असतो. २०१८पासून डोके खाली घालून धडक देण्यास दंड आहे. २०२२पासून सराव शिबिरात काही जागांवरच्या खेळाडूंना हेल्मेटवर ‘गार्डियन कॅप’ हे मऊ आवरण घालणे सक्तीचे झाले. त्या पहिल्या यादीतच लाइनबॅकर होते. लीगच्या आकडेवारीनुसार २०२४मध्ये १८२ कन्कशन नोंदले गेले. २०१५पासून ठेवलेल्या नोंदीतील हा नीचांक आहे. मात्र यात मोजली जातात ती कन्कशन. रोजच्या न नोंदलेल्या धडका या आकड्यात येत नाहीत.

धडकाच नसलेला एक पर्याय पुढे येतो आहे, आणि त्याचा धागा मुंबईशी जुळतो. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनात लॉस एंजेलिस २०२८साठी क्रिकेटला मंजुरी मिळाली, हे आपल्या लक्षात आहे. त्याच ठरावात ‘फ्लॅग फुटबॉल’ही होता. यात टॅकलऐवजी प्रतिस्पर्ध्याच्या कमरेची पट्टी ओढून घेतात. मे २०२५मध्ये संघमालकांनी एनएफएल खेळाडूंना ऑलिम्पिकमध्ये भाग घेण्यास मुभा दिली. लाइनबॅकरला मात्र या खेळात आपले निम्मे काम घरी ठेवून यावे लागेल.

हॉल ऑफ फेमसाठी आठ हंगाम कमी पडतात का?

निवृत्तीनंतर पाच वर्षांनी खेळाडू या सन्मानासाठी पात्र होतो. कीकली पहिल्याच प्रयत्नात अंतिम सातपर्यंत गेला, पण आवश्यक ८० टक्के मते त्याला मिळाली नाहीत. यावरून त्याची कारकीर्द तोकडी ठरली, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. त्या वर्षी निवडीचे नियम बदलले होते आणि एकूण चारच जण निवडले गेले. पूर्वीच्या नियमांत तो कदाचित सहज निवडला गेला असता.

पॅट्रिक विलिसची कहाणी येथे उपयोगी पडते. त्याचेही आठच हंगाम, सात प्रो बोल, पाच वेळा सर्वोत्तम संघात स्थान. आकडे कीकलीशी तंतोतंत जुळतात. २०२०पासून पात्र असलेल्या विलिसला २०२४पर्यंत थांबावे लागले, पण दार उघडले.

दुसऱ्या बाजूला बॉबी वॅग्नर आहे. कीकली ज्या ड्राफ्टमध्ये निवडला गेला, त्याच २०१२च्या ड्राफ्टमध्ये सिअ‍ॅटलने वॅग्नरला ४७व्या क्रमांकावर घेतले. दोघेही मधले लाइनबॅकर, दोघेही डोक्याने खेळणारे. दशकभर कोण सरस, यावर चाहते भांडत राहिले. वॅग्नर सुपर बोल जिंकला, स्वतःचे करार स्वतःच करू लागला, आणि २०२५मध्ये वयाच्या ३५व्या वर्षी वॉशिंग्टनकडून आपला १४वा हंगाम खेळायला उतरला.

कीकली निवृत्तीनंतर काही काळ पँथर्ससाठी नवे खेळाडू हेरण्याचे काम करत होता. २०२२पासून तो त्यांच्या सामन्यांचे रेडिओवर विश्लेषण करतो. मैदानावर डाव सुरू होण्याआधी समोरचा संघ काय करणार, हे आता तो श्रोत्यांना सांगतो.